पिवळा थर

४ ऑक्टोबर

मौनीबाईंस,

नमस्कार-चमत्कार करत बसलो तर बर्फ वितळेल, म्हणून थेट लिहितो. हे पत्र तुला स्पंजांच्या डब्यात, झाकणाला आतून चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत सापडेल. दचकू नकोस. मी आहे, माचीस. वर्गात हे नाव मला तूच ठेवलं होतंस, आणि विभागप्रमुखांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं त्या दिवशी ते खरंही करून दाखवलं.

सध्या सागरी संशोधन केंद्राच्या बोटीवर पाणबुड्या म्हणून लागलोय. केंद्र म्हणजे धक्क्याच्या टोकाला पत्र्याची एक शेड, टाक्यांत हवा भरायचं यंत्र, दोन फ्रीजर आणि काका. काका इथले जुने पाणबुडे. बोलतात कमी, टोचतात जास्त. मला बुडी मारायला त्यांनीच शिकवलं. फोन लावायचा तर मागच्या टेकडीवर चढावं लागतं, आणि लागला तरी तू उचलणार नाहीस हे मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात एका डब्यावर लेबल चिकटवत होतो. वर तुझ्या प्रयोगशाळेचा पत्ता, खाली तुझं नाव. लेबल वाकडं चिकटलं.

स्पंज हे झाड नाही, जनावर आहे, हे मला पुस्तकानं सांगितलं होतं तेव्हा पटलं नव्हतं. इथं पटलं. त्याला पळता येत नाही, दात नाहीत, कवच नाही. कोणीही यावं आणि लचका तोडावा. म्हणून ते आतल्या आत विष शिजवतं, आणि त्या विषात तुम्ही लोक औषध शोधता. मला हे जनावर आवडलं. जागचं हलत नाही, बोलत नाही, आणि जवळ जाणाऱ्याची खैर नाही. कोणाची आठवण आली ते सांगत नाही.

कॉलेजच्या जिन्यात मी लग्नाचं विचारलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "आधी माझं काम पुरं होऊ दे." ते काम एक दिवस माझ्याच हातून तुझ्याकडे जाईल हे तेव्हा कुणाला माहीत होतं. काय हवं ते सांग. समुद्र उपसून देतो.

तुझा (हे खोडणार होतो, राहू दे)
माचीस


१७ ऑक्टोबर

माचीस,

डबा उघडला तेव्हा प्रयोगशाळेतले दोघं-तिघं शेजारी उभे होते. पुढच्या वेळी पत्र पोस्टाने टाक. आता सगळे मला विचारतायत की स्पंजाने काय लिहिलंय.

तू काहीतरी मन लावून करतोयस हे वाचून बरं वाटलं. खरंच वाटलं.

आता कामाचं. गेल्या वर्षी काकांनी एक तपकिरी स्पंज पाठवला होता. मी त्याचे तुकडे मिथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढला आणि तो कर्करोगाच्या पेशींवर टाकून पाहिला. दुसऱ्या दिवशी प्लेटभर पेशी मरून पडलेल्या. इतका जोर मी आजवर कशात पाहिलेला नाही. पण अर्कात शेकडो गोष्टी असतात. त्यातली नेमकी कोणती मारते हे शोधायचं म्हणजे अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पेशींवर टाकायचा, जो मारेल त्याचे पुन्हा भाग. शेवटी हातात उरतो तो मिठाच्या खड्याएवढा ऐवज. माझ्या हातात तो उरायच्या आत अर्कच संपला.

म्हणून तोच स्पंज, त्याच कपारीतून, पुन्हा हवा आहे. काकांना जागा ठाऊक आहे. माझ्या प्रबंधाच्या सरांनी वर्षअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर काही हाती लागलं नाही तर हा विषय बंद, आणि माझी तीन वर्षंही त्याच्याबरोबर.

जिन्यातल्या बोलण्याबद्दल एवढंच, की तेव्हा जे म्हटलं त्याहून वेगळं माझ्याकडे आजही काही नाही.

जपून उतर.


२ नोव्हेंबर

मौनीबाई,

हुकमाप्रमाणे पत्र पोस्टाने. डबा वेगळा निघालाय.

'वेगळं आजही काही नाही' हे मी टेकडीवर वाचलं, धक्क्यावर वाचलं, काकांसमोर बसून काकांना न कळता वाचलं. म्हणजे जिन्यातलं उत्तर अजून जागेवर आहे. काम पुरं झालं की. मला एवढं पुष्कळ झालं.

परवा उतरलो. खाली गेलं की रंगांमधला लाल सगळ्यात आधी जातो. काका म्हणतात की तिथं रक्तसुद्धा हिरवं दिसतं, आणि ते हे ऐकीव सांगत नाहीत, त्यांच्या अंगठ्यावर खूण आहे. कपार म्हणजे खडकातली एक आडवी फट. जुना सोफा फाटून फोम बाहेर यावा तसे तपकिरी स्पंज तिथं दाटीनं बसलेले. काकांचा नियम असा, की थोडा कापायचा आणि बूड ठेवायचं म्हणजे पुन्हा वाढतो. मी या वेळी हात जरा सैल सोडला. तुला कमी पडायला नको. वर आल्यावर काकांनी पिशवी पाहिली आणि विचारलं की खडक तरी ठेवलास का.

आणि आधीसारखा गबाळा माल पाठवलेला नाही. एकेक तुकडा असा नटवलाय की बघत राहशील. काका म्हणाले, "हा प्रयोगशाळेत चाललाय का लग्नाला?" मी म्हटलं, आधी प्रयोगशाळेत.

लवकर पुरं कर.

माचीस


२८ नोव्हेंबर

माचीस,

अर्कात काही नाही. तीन वेळा काढला, तीन वेळा तपासला. पेशी मजेत वाढतायत.

सर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून शेजारी बसून समजावलं की गेल्या वर्षीच्या प्लेटमध्ये बाहेरचं काही शिरलं असेल, नव्या मुलांच्या हातून असं होतं, मनाला लावून घेऊ नये. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांच्या मते त्या पेशी स्पंजाने मेल्या नाहीत, माझ्या हलगर्जीपणाने मेल्या. चार दिवस मी मनातल्या मनात वाद घातला. आता मलाही तसंच वाटायला लागलंय.

तरी विचारते. कपार तीच होती ना? कापल्यापासून बर्फात जाईपर्यंत स्पंजाचं काय काय झालं? आळ घेत नाहीये. सगळं लिही.


३ डिसेंबर

मौनीबाई,

'आळ घेत नाहीये' असं लिहायची वेळ येते तेव्हा तो घेऊन झालेला असतो.

तर घे, लिहितो. कपार तीच, काका बरोबर होते, त्यांना विचार. कापून जाळीच्या पिशवीत घातला, वर आणला, थंड समुद्राच्या पाण्यातच ठेवला. मग शेडमध्ये मांडी घालून दिवसभर साफ करत बसलो. जुना टूथब्रश घेऊन. किडे काढले, शिंपल्यांची पिलं काढली, शेवाळ काढलं. जवळजवळ प्रत्येकावर एक पिवळा चिकट थर होता, दुधावरच्या सायीसारखा. तो ब्रशनं निघेना, म्हणून सुरीच्या पाठीनं खरवडला. बोटं दोन दिवस पिवळी होती आणि चुरचुरत होती. ती सगळी घाण समुद्रात टाकली आणि तपकिरी तेवढा तुला पाठवला, नितळ. काका काय करतात? निघाला तसा बर्फात कोंबतात, किड्यांसकट, पिवळ्यासकट. त्यांचा तो कचरा तुला चालला, आणि माझ्या मालात खोट निघाली.

या हातांनी आयुष्यात एकच गोष्ट नीट केली होती. तीही नासली म्हणतेस तर म्हण. पण तुझ्या सरांना सांग की ती पोरगी हलगर्जी नाही. कॉलेजात टेस्ट ट्यूबसुद्धा पुसून ठेवताना तिच्याकडे लोक बघत राहायचे. लोक म्हणजे मी.

माचीस


८ डिसेंबर

माचीस,

बोटं चुरचुरली हे वाचलं आणि मी खुर्चीवरून उठले.

तो थर म्हणजे घाण नव्हती. तो दुसरा स्पंज आहे, पहिल्याच्या अंगावर पसरून वाढणारा. काकांचे गेल्या वर्षीचे तुकडे मी पिवळ्यासकट भिजवले होते. तपकिरी मोठा दिसला म्हणून लेबलवर त्याचं नाव घातलं. वर्षभर मी चुकीच्या जनावराचे गोडवे गात होते. तू खरवडलंस त्यात तुझी चूक नाही. मी न बघता मोठ्याला मान दिला, ती माझी.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, असेलही, पण हातात आलं तर मानीन. मूठभर पिवळा थर मिळाला तरी पुरे. पण काकांना विचारल्याशिवाय उतरू नकोस. वर्षअखेरीची मुदत टळली तर टळली. मी बघेन काय करायचं ते. तू घाई करू नकोस, हे मी सहज लिहीत नाहीये.

तुझं पत्र वाचताना आधी हसले आणि मग रडले. दोन्ही बऱ्याच दिवसांत जमलं नव्हतं.


२१ डिसेंबर

माचीस,

डबा येऊन आठवडा होत आला. आत काचेची बाटली, मूठभराहून जास्त पिवळा थर. लेबल काकांच्या अक्षरात. पत्र नाही. पोस्टाने येईल म्हणून रोज खाली जाऊन पाहते. शिपाई आता मला बघूनच मान हलवतो.

तू न लिहिता कधी राहिला नाहीस. रागावून तर तू जास्तच लिहितोस. काय झालंय?


२७ डिसेंबर

तू मला ओळखत नाहीस. मी त्याची थोरली बहीण. तुझं पत्र केंद्रावरच्या काकांनी माझ्याकडे पाठवलं, कारण तो इथं हॉस्पिटलमध्ये आहे. मी कपडे शिवते, लिहायची फार सवय नाही. चुकलंमाकलं समजून घे.

काकांनी मला जे सांगितलं ते सांगते. वरच्या कपारीत पिवळं काही शिल्लक नव्हतं, त्यानंच मागे सगळं काढलं होतं. खाली दुप्पट खोलीवर आणखी एक फट आहे. सकाळी काका त्याला घेऊन तिथं उतरले. थोडं मिळालं. काका म्हणाले की इतक्या खोल दिवसातून एकदाच, उरलेलं उद्या. मग ते छोट्या होडीनं किनाऱ्यावर बर्फ आणायला गेले. हा नवी टाकी लावून एकटा पुन्हा उतरला.

वर येताना मध्ये थांबत थांबत यायचं असतं म्हणे. त्याच्या टाकीतली हवा संपत आली होती. तो थांबला नाही. त्यामुळे रक्तात बुडबुडे धरतात. बोटीवर आला तेव्हा पिशवी हातात होती आणि पाय हलत नव्हते. इथं त्याला एका बंद लोखंडी खोलीत ठेवून हवेचा दाब देत होते, मी काचेतून बघायची. आता जीवाचा धोका नाही. उजवा पाय हलतोय. डावा अजून त्याचा नाही. पाण्यात उतरणं आता कायमचं संपलं, असं डॉक्टरांनी मला सांगितलंय. त्याला मी सांगितलेलं नाही.

शुद्धीवर आल्यावर पहिलं त्यानं विचारलं, "डबा गेला का?" आई शेजारीच बसली होती. कॉलेज सोडल्यापासून आमचे वडील त्याच्याशी बोलत नाहीत, ते दाराशी उभे होते. त्या दोघांनी ते ऐकलं.

तू त्याला पाण्यात ढकललं नाहीस हे मला कळतं. तो लहानपणापासून असाच आहे, डोक्यात राख घालून घेणारा. पण तुझं आणि त्याचं काय आहे ते एकदा ठरव. तुझ्या एका वाक्यावर तो इतकी वर्षं बसून आहे. हो असेल तर हो सांग. नाही असेल तर तेही सांग, मी त्याला सांभाळेन. अधांतरी ठेवू नकोस एवढंच.


५ जानेवारी

माचीस,

ताईंचं पत्र मिळालं. जे ठरवलंय ते लिहिते.

जिन्यात विचारलं होतंस त्याचं उत्तर हो आहे.

मी विचार केलाय. तुझ्या हॉस्पिटलच्या गावात औषधाच्या कंपनीत तपासनीसाची जागा आहे, मला मिळेल. तुला रोज व्यायामाला न्यावं लागेल, तर खोली तळमजल्यावर बघू. आई-वडिलांवर भार नको. पायाला किती वेळ लागेल असं मी इथल्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सांगितलं की वर्षभरात पुष्कळ सुधारणा होते. ताईंना माझा नमस्कार सांग. सरांना मी या महिन्यात सोडते म्हणून कळवणार आहे.

औषधं वेळेवर घे. रागावू नकोस कुणावर. मी येते.


१६ जानेवारी

मौनीबाई,

तुझं 'हो' परत पाठवतोय. सांभाळून ठेव, कुणाला तरी खरं द्यायला लागेल.

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पहिल्या वेळी आनंदानं उत्तर लिहिलं होतं, तेही फाडलं. ताईनं तुला काय लिहिलं ते मला परवा कळलं. तिच्याशी कडाकडा भांडलो. तिनं सगळं ऐकून घेतलं, उशी बदलली आणि म्हणाली, आता दुसऱ्या कुशीवर वळ.

मला तू हवी आहेस. हे लिहून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना तुला शंका नको. पण तुझी आधीची पत्रं माझ्या उशाखाली आहेत. त्यात मी जेमतेम ओळ-दोन ओळी असायचो, बाकी अर्क, पेशी, सर, मुदत. मी त्यातून स्वतःला शोधून काढायचो, तू कण शोधतेस तसा. पण त्यातलं अक्षर न् अक्षर तुझं होतं. या पत्रात ओळीओळीत मी आहे. माझा पाय, माझी खोली, माझी आई. तू कुठंच नाहीस. आणि त्या पिवळ्या थराबद्दल अख्ख्या पत्रात एक शब्द नाही.

बाटली फ्रीजरमध्ये तशीच पडून आहे ना? मी ओळखलं. मी लोळागोळा होऊन पडलोय म्हणून तू आता तिच्याकडे बघायचंसुद्धा पाप समजतेस.

ऐक. मी तुझ्यासाठी उतरलो असं ताईला वाटतं, काकांना वाटतं, तुलाही वाटतं. मलाही वाटत होतं. पण तू लिहिलं होतंस की घाई करू नकोस. काकांनी सांगितलं होतं की उद्या. दुसऱ्यांदा उतरताना माझ्या डोक्यात तू नव्हतीस. लोकांनी मला थांब म्हणायचं आणि मी थांबायचं नाही, एवढंच होतं. कॉलेज सोडलं तेव्हाही तेच होतं. त्याचं बिल तुझ्या नावावर फाडू देणार नाही.

आणि जिन्यात तू नाही म्हणाली होतीस. मऊ शब्दांत म्हणालीस, मला ते मऊपण पुरलं.

डॉक्टरांनी मलाही सांगितलंय पाण्याचं. ताईला वाटतं की मला माहीत नाही, तिला तसंच वाटू दे. काका येऊन गेले. त्यांनी माझ्यासाठी केंद्रातली जागा बोलून ठेवलीय, आलेले नमुने बघून वेगळे करायचे. म्हणाले, "तुझ्याइतका पिवळा रंग आता कुणाच्या लक्षात राहणार?" आणि मग खिडकीकडे बघत बसले. वडील काल आत आले. बोलले नाहीत, पण खुर्चीवर बसले.

आता सरांकडे जा. मुदत संपली असेल. विनंती करू नकोस, भांड. गेल्या वर्षीची प्लेट खोटी नव्हती हे फक्त तुला माहीत आहे आणि ती बाटली तुझ्याकडे आहे. भांडायचं कसं ते येत नसेल तर मला विचार, त्या एका विषयात मी पदवीधर आहे.

येऊ नकोस. बाटली उघड.

माचीस


२४ फेब्रुवारी

माचीस,

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. मी कधी नव्हे ते काही ठरवलं होतं, आणि तू ते वाकवून माझ्या हातात परत दिलंस. आठ दिवस तुला लिहायचं नाही असं ठरवलं. मग त्याच संतापात सरांच्या खोलीत गेले आणि भांडले. दार उघडं राहिलं होतं, सगळ्यांनी ऐकलं. शेवटी सर म्हणाले की तू बोलतेस हे मला माहीत नव्हतं. मला दोन महिने मिळाले. नोकरीचा अर्ज मी मागे घेतला आहे.

बाटली उघडली. अर्क झेंडूसारखा पिवळा आला. त्याचे भाग पाडले, मारणाऱ्या भागाचे पुन्हा भाग. या वेळी शेवटपर्यंत पुरला. काल संध्याकाळी काचेच्या कुपीच्या तळाशी पांढरा कण उरला, नीट बघितल्याशिवाय दिसत नाही असा. त्यातला अंश कर्करोगाच्या पेशींवर टाकला आणि रात्रीतून त्या मेल्या. गेल्या वर्षी मी चुकले नव्हते. मारणारा तोच आहे.

पण त्याच वेळी एका प्लेटमध्ये मी निरोगी पेशीही लावल्या होत्या. आज सकाळी झाकण काढून पाहिलं. त्याही मेल्यात. सगळ्या. हे संयुग रोगी आणि निरोगी यांत फरक करत नाही. म्हणजे औषध म्हणून, आहे तसं, ते कामाचं नाही. कुणीतरी पुढं त्याच्या रेणूचा एखादा हात कापेल, एखादा जोडेल, आणि दहा-वीस वर्षांनी ते शहाणं होईल, किंवा होणारही नाही. माझा प्रबंध पुरा होईल. तुझा पाय ज्याच्यासाठी गेला ते हे असं आहे. मला हे तुझ्यापासून लपवता आलं असतं. लपवावंसं वाटलं नाही.

तुझा डावा पाय कसा आहे ते लिही. ताईंकडून नको, तू लिही.

अजून कुणी आलेलं नाही. सर दहाला येतात. प्लेट तशीच मायक्रोस्कोपखाली आहे, दिवा चालू आहे. पाहिल्यावर मी हातमोजे काढले आणि त्यांना फोन करायच्या आधी तुला लिहायला बसले.